बंद खण, सड्यावरचं अर्थिंग आणि कुकरचं झाकण
(वाचक विचारतात : कामावरची सुरक्षा)

या वेळची पत्रं हर्णैपासून वेंगुर्ल्यापर्यंतची आहेत. पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं लांबली आहेत, कारण त्यांत चूक झाली तर ती सुधारायला दुसरी संधी मिळत नाही.

प्रश्न : मासेमारीबंदीच्या काळात जून-जुलै होडी शाकारून वर ओढलेली असते. नारळी पौर्णिमेच्या आधी आम्ही मासळीचे खण उघडून धुतो. मागे शेजारच्या होडीवर खणात उतरलेला खलाशी चक्कर येऊन पडला होता. नशिबाने वाचला. जुनी माणसं आधी मेणबत्ती सोडून बघायला सांगतात. तेवढं पुरतं का? (एक तांडेल, हर्णै)

उत्तर : नाही पुरत. मेणबत्ती ऑक्सिजन सुमारे १६-१७ टक्क्यांवर आला की विझते. मोकळ्या हवेत तो २०.९ टक्के असतो आणि १९.५ च्या खाली माणसाने उतरायचंच नाही. म्हणजे ज्या हवेत उतरू नये, तिच्यात मेणबत्ती खुशाल जळत राहते. शिवाय खणात डिझेलची वाफ असेल तर तीच मेणबत्ती भडका उडवेल.

त्याहून मोठी अडचण अशी की खणातला खरा वैरी मेणबत्तीला कळतच नाही. फळ्यांच्या फटीत राहिलेले खवले, रक्ताचं पाणी, तळाचा कुट्टीचा गाळ दोन महिने बंद झाकणाखाली सडतो आणि त्यातून हायड्रोजन सल्फाइड निघतो. हा वायू हवेपेक्षा जड, त्यामुळे तळाशी बसतो. थोडा असेल तेव्हा सडक्या अंड्यासारखा वास येतो. पण १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) आसपास गेला की नाकच बधिर होतं. ‘वास गेला, आता उतर’ हे वाक्य त्यामुळे घातक आहे. वास थांबला याचा अर्थ वायू गेला असा होतो तसाच वायू वाढला असाही होतो. ५०० ते ७०० पीपीएममध्ये काही मिनिटांत शुद्ध हरपते, हजारावर एक-दोन श्वास पुरतात.

आता काम कसं करायचं ते.

झाकण उघडल्यावर पहिलं धुणं वरूनच करा. होजने पाणी मारून गाळ सैल करायचा आणि पंप बाहेर ठेवून फक्त पाइप आत सोडून उपसायचा. पेट्रोल किंवा डिझेलचा पंप खणात उतरवायचा नाही. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला तर वासही नसतो. मे महिन्यात विहिरी उपसताना कठड्याखालच्या टप्प्यावर पंप ठेवतात, तिथेही हेच होतं.

मग ब्लोअर. खण ३ मीटर लांब, अडीच रुंद, २ खोल असेल तर आतली हवा १५ घनमीटर. मिनिटाला १० घनमीटर हवा देणारा ब्लोअर ती दीड मिनिटात एकदा बदलतो. अर्धा तास चालवला की हिशेबाने २० वेळा. पाइपला दोन-तीन वळणं पडली तर हवा निम्म्यावर येते, म्हणून पाइप सरळ ठेवा. हवा आत ढकलायची, ओढून काढायची नाही, आणि पाइपचं तोंड तळापासून फूटभरावर असलं पाहिजे. तोंड झाकणापाशी लोंबत राहिलं तर वरची हवा वरच फिरते आणि तळाचा वायू जागचा हलत नाही. ब्लोअरचं मागचं तोंड इंजिनाच्या धुराकडे नाही ना, हेही बघा.

त्यानंतर चार वायूंचा मीटर. नळी सोडून वर, मध्ये आणि तळाशी प्रत्येक ठिकाणी दोन मिनिटं थांबून वाचा. ऑक्सिजन १९.५ ते २३.५ च्या दरम्यान, हायड्रोजन सल्फाइड १० पीपीएमच्या खाली, कार्बन मोनॉक्साइड ३५ च्या खाली, जळाऊ वायू स्फोटमर्यादेच्या (ज्या प्रमाणापासून तो पेट घेऊ शकतो त्याच्या) १० टक्क्यांच्या खाली. एका होडीला मीटर परवडत नाही हे खरं, पण सोसायटीने एक घेतला तर अख्ख्या बंदराला पुरतो. त्याचे सेन्सर साधारण दोन-तीन वर्षांत थकतात. कपाटात ठेवलेला जुना मीटर शून्य दाखवतो तेव्हा वायू शून्य आहे की सेन्सर मेला आहे, ते तपासणीचा वायू दिल्याशिवाय कळत नाही.

मीटर चांगला आला तरी तो खिशाला लावूनच उतरायचं आणि ब्लोअर चालूच ठेवायचा. कारण खराट्याने उरलेला गाळ ढवळला की त्यात अडकलेला वायू त्या क्षणी सुटतो. उजेडाला २४ व्होल्टच्या वरचा दिवा आत न्यायचा नाही. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ३६-क मध्ये टाक्यांसारख्या बंद जागांसाठी हीच मर्यादा घातलेली होती आणि होडीच्या ओल्या खणाला ती अगदी चपखल बसते.

आणि आता दोरी. खणात पहिला पडतो तो वायूने, पण दुसरा पडतो तो पहिल्याला काढायला धावल्याने. म्हणून दोरी माणूस उतरायच्या आधी बांधलेली हवी. ती कमरेला बांधू नका. बेशुद्ध माणूस कमरेत दुमडतो आणि दोन फुटी तोंडात अडकतो. पूर्ण अंगाचा हार्नेस घालून दोरी पाठीवरच्या, खांद्यांमधल्या कडीला लावली की तो उभाच वर येतो. ७० किलोचं सैल अंग सरळ वर ओढणं दोघांनाही जड जातं. डोक्यावरच्या आडव्या पाइपाला चारपदरी कप्पी टांगा, म्हणजे घर्षण धरून २५ किलोच्या आसपास जोर लागेल आणि एकटा माणूसही ओढू शकेल. त्या पाइपाला आधी दोन माणसं लोंबकळून बघा. वर उभा असलेला माणूस काहीही झालं तरी खाली उतरणार नाही, हे काम सुरू व्हायच्या आधी त्याच्याकडून कबूल करून घ्या.

प्रश्न : राजापूर तालुक्यात सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या पठारावर, आमची चिरेखाण आहे. कटिंग मशीनच्या सांगाड्याला आणि रुळांना हात लागला की झिणझिण्या येतात. वायरमनने दोनदा अर्थिंगचा खड्डा केला, मीठ-कोळसा घातला. पावसात बरं असतं, मार्चनंतर पुन्हा तेच. (खाणमालक)

उत्तर : वायरमनचा दोष कमी आणि सड्याचा जास्त आहे. जांभा उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत होतो आणि वीज जमिनीत पसरू देत नाही. पावसाळ्यात तोच खड्डा ओला असतो म्हणून काम भागतं. शिवाय आपल्याकडच्या पावसात मीठ दोन-तीन मोसमांत धुपून जातं आणि जाता जाता जीआय पाइपही खातं.

आकडे मांडून बघा. एप्रिलमध्ये तुमच्या खड्ड्याचा रोध ४० ओहम आहे असं धरा. सड्यावर हे मुळीच अशक्य नाही. मोटरच्या वाइंडिंगमधून एक फेज बॉडीला लागली तर २३० भागिले ४०, म्हणजे पावणेसहा अँपिअर करंट जमिनीत जाईल. तुमचा एमसीबी (करंट फार वाढला की आपोआप पडणारा स्विच) ३२ अँपिअरचा. त्याच्या लेखी काही घडलेलंच नाही, तो पडणार नाही. सांगाडा मात्र जवळजवळ २३० व्होल्टवर उभा राहील, आणि पात्यावर पाणी सोडलेलं असल्याने त्याला धरणारा माणूस ओल्या दगडावर उभा असतो. १०-१५ मिलिअँपिअर अंगातून गेले तरी मूठ सुटत नाही.

झिणझिण्या म्हणजे गळती आजच सुरू झालेली आहे. आज मशीन बंद करा आणि ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या यंत्राने) मोटर आणि केबल वेगवेगळी तपासा. १ मेगाओहमच्या खाली जे निघेल ते बाजूला काढा. आमचा संशय आधी केबलच्या जोडावर आहे. चिकटपट्टी गुंडाळलेला जोड पात्याच्या पाण्यात पडून असतो, हे चित्र बहुतेक खाणींत दिसतं. जोड काढूनच टाका आणि पाणी न शिरणारं औद्योगिक प्लग-सॉकेट बसवा. केबल चार कोअरची (आत चार वेगळ्या तारा असलेली), रबरी आवरणाची घ्या. चौथी कोअर अर्थिंगला. रुळांच्या बाजूने ओढत नेलेली उघडी अर्थिंगची तार मशीन सरकताना कधी तुटते ते कोणालाच कळत नाही.

मुख्य उपाय मात्र ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. तो जाणारा आणि परत येणारा करंट ताडून बघतो आणि ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की तोडतो. ओल्या जागेत स्पर्शाचा व्होल्टेज २५ च्या आत ठेवायचा म्हटलं, तरी २५ भागिले ०.०३ म्हणजे ८०० ओहमचा खड्डासुद्धा त्याला चालतो. एमसीबीला जे ४० ओहमवर जमत नाही, ते हा ८०० वर करतो. खड्डा तरीही चांगला असावाच : अडीच मीटर लांबीचे दोन पाइप एकमेकांपासून निदान ५ मीटरवर, जोडलेले, शक्यतो मातीची भर असलेल्या सखल जागी. सड्याच्या माथ्यावर कितीही खणलंत तरी फार फरक पडत नाही.

तीन ठिकाणी लोक फसतात. एक, थ्री-फेज मोटरला न्यूट्रल लागत नाही म्हणून चार पोलच्या आरसीसीबीला न्यूट्रल जोडतच नाहीत. बऱ्याच बनावटींत ‘टी’ (टेस्ट) बटणाचं सर्किट फेज आणि न्यूट्रलमध्ये असतं. न्यूट्रल नसला की बटण दाबून काही होत नाही आणि मग ‘हा खराबच आहे’ म्हणून तो काढून टाकला जातो. न्यूट्रल जोडा आणि बटण महिन्यातून एकदा दाबा. दोन, जनरेटरवर चालवत असाल तर त्याचा न्यूट्रल पॉइंट अर्थ केलेला हवा. तो अधांतरी असेल तर गळतीला परत जायला वाट नसते आणि आरसीसीबी गप्प बसतो. तीन, आरसीसीबी सारखा पडतो म्हणून वायरमन त्याला बगल देऊन वायर जोडतो. सारखा पडतोय म्हणजे कुठेतरी खरंच गळतंय. बगल दिलेली दिसली तर त्या वायरमनचे पैसे कापा, आम्ही तुमच्या बाजूने आहोत.

जाता जाता, पत्रासोबतच्या फोटोत खाणीच्या कडेलाच चिऱ्यांची थप्पी दिसते. एक चिरा ३० किलोच्या आसपास भरतो. खाणींच्या नियमांत कडेपासून ३ मीटरपर्यंत सुटे दगड, माती, झाडं काही ठेवायचं नाही असं आहे. थप्पी मागे घ्या.

प्रश्न : आमच्या काजू कारखान्यात बी वाफवायचा उभा कुकर आहे. झाकण उघडताना दोनदा वाफेचा भपका येऊन बाईंचे हात भाजले. गेज शून्यावर होता, ऑपरेटरने वाफ सोडली होती. सेफ्टी व्हॉल्व्ह नवा आहे. ऑपरेटर म्हणतो, “काय होवचा नाय, जरा बाजूक उभी रव.” (सुपरवायझर, वेंगुर्ले)

उत्तर : सेफ्टी व्हॉल्व्हचा इथे काही संबंध नाही. तो दाब फार वाढला तर उघडतो. तुमचा अपघात दाब जवळपास संपलेला असताना होतो.

झाकणाचा व्यास ६० सेंटिमीटर धरा. क्षेत्रफळ झालं २८२७ चौरस सेंटिमीटर. आत फक्त ०.२ किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाब उरला असेल तर झाकणाला खालून ५६५ किलोचा रेटा आहे. आणि तुमचा गेज बहुधा ० ते १० किलोचा. त्यावर ०.२ म्हणजे एक बारीक रेघ. जुन्या गेजचा काटा तर तिथे खिळ्यालाच टेकलेला असतो. म्हणजे ‘गेज शून्यावर’ आणि ‘अर्धा टन रेटा’ या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात.

दाब का उरतो? एक तर वाफ सोडायचा पाइप काजूच्या साली आणि चिकाने आतून बुजत आलेला असतो. व्हॉल्व्ह उघडला, थोडी वाफ निघाली, आवाज थांबला, की ऑपरेटरला वाटतं संपली. दुसरं म्हणजे बॉयलरकडून येणारा व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही. तो हळूहळू वाफ पाझरत ठेवतो आणि कुकर पुन्हा भरतो.

बदल चार. झाकणावरच पाव इंची कॉक बसवा. मोठा व्हॉल्व्ह उघडून झाल्यावर हा उघडायचा. त्यातून सूं आवाज येत असेल तर बोल्टला हात लावायचा नाही. वाफेचा पाइप निदान एक इंची करून शेडच्या वर न्या, व्हॉल्व्ह बॉलचा घ्या आणि आठवड्यातून एकदा त्यातून गज फिरवा. त्या व्हॉल्व्हच्या दांड्याला एक लोखंडी पट्टी वेल्ड करा, अशी की व्हॉल्व्ह बंद असताना ती झाकणाच्या बोल्टवर आडवी येईल. वाफ सोडल्याशिवाय पाना लागणारच नाही. गावातला वेल्डर हे एका दुपारी करून देईल. आणि बॉयलरच्या लाइनवर एकाऐवजी दोन व्हॉल्व्ह, मध्ये हवेत उघडणारा छोटा कॉक. पहिला पाझरला तरी वाफ कुकरमध्ये न जाता बाहेर निघून जाईल.

बोल्ट सोडताना सगळे आधी अर्धा-अर्धा फेरा सैल करायचे. एकही पूर्ण काढायचा नाही. मग आपल्यापासून लांबच्या बाजूने झाकण पहारीने किंचित उचकटायचं. गॅस्केट चिकटलेलं असतं आणि ते सुटतं त्या क्षणीच भपका येतो. तो पलीकडे गेला की मग बोल्ट बाजूला. ‘बाजूक उभी रव’ हा सल्ला वाईट नाही, पण झाकण बाईच उघडते आहे, मग तिने बाजूला उभं राहायचं कसं?

प्रश्न : पावसाआधी शेडचे सिमेंटचे पत्रे बदलायची कामं घेतो. माणसं बोल्टच्या रेषेवरून चालतात. हार्नेस घेतले आहेत, अजून काय लागेल? (ठेकेदार, खेड)

उत्तर : बोल्टच्या रेषेखाली पर्लिन (पत्रे ज्यावर टेकतात तो आडवा दांडा) असते हे खरं, पण ती दोन-अडीच इंचांची. पाय घसरला की तो रेषेवर पडत नाही. जुना पत्रा वरून शाबूत दिसतो आणि माणसाच्या वजनाने बिस्किटासारखा तुटतो. त्यातच उजेडासाठी बसवलेले फायबरचे पत्रे असतात. दहा वर्षांच्या शेवाळाखाली ते सिमेंटच्या पत्र्यांसारखेच दिसतात. चढण्याआधी खालून, शेडच्या आतून वर बघा, ते उजळ दिसतील. त्यांची जागा खडूने वर उतरवून घ्या.

चालायचं फळ्यांवरून. निदान दीड फूट रुंद, तीन पर्लिनींवर टेकेल एवढ्या लांब, खाली आडव्या पट्ट्या ठोकलेल्या आणि वरच्या टोकाला बांधलेल्या. एका माणसाला दोन फळ्या लागतात, एकीवर उभं राहून दुसरी पुढे सरकवायला. एकच दिलीत तर ती सरकवताना तो पत्र्यावरच उभा राहणार.

हार्नेसचा हिशेब मात्र बघा. दोरी १.८ मीटर, झटका शोषणारं पाकीट उलगडून १.२, पाठीच्या कडीपासून पायापर्यंत दीड, शिवाय १ मीटर राखीव. अडकवलेल्या जागेपासून खाली साडेपाच मीटर मोकळे हवेत. तुमची शेड साडेचार मीटरची असेल तर माणूस हार्नेससकट जमिनीवर आदळेल. अशा शेडमध्ये पर्लिनीला खालून जाळी बांधा, किंवा झटका बसताच आखडून धरणारा ब्लॉक वापरा. दोरी पत्र्याच्या हुकाला नाही, ट्रसला (छप्पर पेलणाऱ्या मुख्य सांगाड्याला). आणि जाळी मासेमारीची नको, ती एवढ्या झटक्यासाठी केलेली नसते.

जुन्या पत्र्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतं. करवत लावू नका, ओले करून अखंड उतरवा.

प्रश्न : बर्फ कारखान्यात अमोनियाची गळती झाली तर ओला फडका तोंडाला बांधून व्हॉल्व्ह बंद करायला जावं का? (ऑपरेटर, रत्नागिरी)

उत्तर : ओला फडका बाहेर पळायला आहे, आत शिरायला नाही. अमोनिया पाण्यात विरघळतो म्हणून काही श्वास निभावतात, पण डोळे उघडेच राहतात आणि ३०० पीपीएमवर जागा सोडावीच लागते. आत जाणाऱ्याकडे हवेची टाकी हवी. कॅनिस्टरचा मास्क किरकोळ गळतीपुरताच.

गळती बऱ्याचदा तेल काढताना होते, तिथे लक्ष द्या. द्रव अमोनियापेक्षा तेल जड, ते तळाशी साचतं. थंड तेल दाट असल्याने येत नाही म्हणून ऑपरेटर व्हॉल्व्ह आणखी उघडतो, तेल संपतं आणि पाठोपाठ उणे ३३ अंशांचा अमोनिया उसळतो. ऑइल पॉट (तेल साचायचं भांडं) आधी वेगळा करा, त्यातला दाब सक्शनकडे (कॉम्प्रेसरच्या ओढणाऱ्या बाजूकडे) सोडा, पॉट कोमट होऊ द्या, मग काढा. शेवटी स्प्रिंगचा, हात सुटला की आपोआप मिटणारा व्हॉल्व्ह हवा. त्याचा दांडा तारेने बांधून ठेवलेला दिसला तर ती तार त्याच दिवशी कापा. दोन बंद व्हॉल्व्हमध्ये द्रव अडकवून ठेवू नका, तापला की पाइप फाडतो.

वाफेवर पाण्याचा फवारा मारायचा, सांडलेल्या द्रवावर नाही. पाण्याच्या उष्णतेने तो आणखी उकळतो. अमोनिया हवेपेक्षा हलका, तरी गळतीच्या वेळी गारठ्याने धुकं होऊन जमिनीलगत सरकतो. वाऱ्याला आडवे पळा. डोळ्यात गेलं तर निदान १५ मिनिटं पापण्या उघड्या धरून वाहतं पाणी, मग दवाखाना.

प्रश्न : हेल्मेट किती वर्षं चालतं? (जेटीवरचा कामगार, जयगड)

उत्तर : आतल्या बाजूला साच्यात उमटवलेली महिना-वर्षाची खूण बघा आणि कंपनीने दिलेली मुदत पाळा. जेटीवरच्या उन्हात त्याआधीही बदलावं लागेल. रंग उडून पांढुरकं झालं, दाबल्यावर करकर वाजलं किंवा आतला पट्टा कडक झाला की बदला. डोक्यावर काही पडलं असेल तर तडा दिसो न दिसो, त्याच दिवशी. आणि पट्ट्याच्या आत तंबाखूची पुडी ठेवू नका. डोकं आणि टोपीमधली ती मोकळी जागाच मार झेलते.